दगड फोटोत बघून घेतात होय?

अ‍ॅसिड? वालुकाश्मावर अ‍ॅसिड ओतलंस? आणि वर मलाच फोन करून विचारतोस, 'सर, हे तपकिरी डाग कशाचे?' तुझ्याच हातचे, लेका. गवंड्याने सिमेंटचे ओघळ तसेच सोडले, तू दुकानातून संडास धुवायची बाटली आणलीस आणि अंगणभर शिंपडलीस. ओघळ ओले असताना स्पंजाने पुसले असते तर पाच मिनिटांचं काम होतं.

भूगोल मीच शिकवला तुला. त्या तासाला तू खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत बसायचास. ज्याच्याकडे बघत होतास तोही दगडच होता. निदान तो तरी नीट बघायचा होतास.

आता ऐक. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण, बहुतेक क्वार्ट्झचे, कोट्यवधी वर्षांत एकमेकांना चिकटलेले. कणांना सहसा काही होत नाही. प्रश्न त्यांना धरून ठेवणाऱ्या मसाल्याचा. कुठे तो सिलिकाचा असतो, मग दगड टणक. कुठे चुन्याचा, कुठे चिकणमातीचा, कुठे लोहाच्या ऑक्साइडचा. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड चुना खातं आणि दगडातलं लोह विरघळवून वर आणतं. ते लोह हवेत गंजतं. फिकट दगडावर तो गंज गावभर दिसतो. आता भरपूर साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन घे, आत मुरलेलं अ‍ॅसिड निघालं पाहिजे. कोणी 'डाग काढायचं औषध' म्हणून दुसरी बाटली पुढे केली, तर आधी उरलेल्या तुकड्यावर लावून आठवडाभर बघ. अंगणावर प्रयोग आता पुरेत.

तुझी ही सवय कुठून आली तेही मला ठाऊक आहे. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले आणि त्यांतून सह्याद्रीचे कडे उभे राहिले. लिंबची बारामोटेची विहीर १७१९ ते १७२४ या काळात बांधली. इतक्या मोटांचं पाणी तिच्या धक्क्यांवरून ओघळलं, तरी तिचे चिरे आजही धडधाकट. संगम माहुलीचा घाट, वाईचे घाट, मेणवलीचा घाट घे. तेल, हळद, कुंकू, राख, पूर, म्हशींचे खूर, सगळं त्यांच्यावरून गेलं. घट्ट काळा पाषाण पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून आपल्याकडे दगडाची निगा कुणी राखली नाही आणि त्या दगडाने ती मागितलीही नाही. तोच बेफिकीर हात घेऊन तू राजस्थानच्या दगडाकडे गेलास. हा दगड पाणी पितो. माठ बाहेरून ओला का राहतो ते तुझ्या आईला विचार, मग तुझी फरशी पावसानंतर दोन दोन दिवस काळपट का दिसते ते तुला कळेल.

फिकट दगड घेतलास याला माझी ना नाही. उलट एप्रिलमध्ये दुपारी काळ्या फरशीवर अनवाणी उभं राहून दाखव. सांगलीत तर तुझ्या धाकट्या भावाच्या दारात कोणी दहा पावलं चालणार नाही. फिकट दगड ऊन परतवतो आणि कमी तापतो. कारण रास्त होतं, निवड आंधळी झाली. दुकानदाराने मोबाइलवर फोटो दाखवला, तू 'हाच पाठवा' म्हणालास. खाण कुठली ते विचारलंस? धोलपूरची, जोधपूरकडची की मध्य प्रदेशातली? विचारलं नाहीस. 'मिंट' एवढंच तुला माहीत. तो व्यापाऱ्याने रंगाला दिलेला शब्द आहे, त्यावरून दगड किती पाणी पितो ते कळत नाही. आणि तुझा मेहुणा परवा मला ऐकवत होता, 'सर, कोट्यासारखाच आहे की'. कोटा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड. त्यांची जात वेगळी, खोड्याही वेगळ्या.

काय करायला हवं होतं? दोन-चार तुकडे मागवून घरी आणायचे. एकावर पाण्याचे थेंब टाकायचे. क्षणात शोषले गेले तर सावध व्हायचं, थोडा वेळ टिकून राहिले तर पुढे बोलायचं. नाण्याने वाजवून बघायचा. खणखणला तर ठीक, भद वाजला तर आत भेग किंवा थर सुटलेला. एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी कड चोळायची, बोटाला वाळू लागली तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडायचं. एकावर खोबरेल, एकावर हळद टाकून उन्हात ठेवायचा. पिवळ्या-तपकिरी रेघा असलेल्या फरशा बघून घ्यायच्या, कारण त्या रेघांत लोह असतं आणि पाऊस पडला की ते हलतं. हवा असेल तर घ्यावा तो रंग, पण ठाऊक असून. आणि पृष्ठभाग नैसर्गिक फुटीचा घ्यायचा. तुझ्या पायऱ्यांवर पॉलिश केलेला आहे. तुझी आई जुलैत तिथे घसरली तर मला फोन करू नकोस, डॉक्टरांना कर.

खालच्या कामाचं तर विचारूच नये. गवंड्याने फरशीखाली चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवून ती आपटली. तू शेजारी चहा पीत उभा होतास. घरातल्या टाइलला हे खपतं, कारण तिथे पाऊस येत नाही. इथे मधल्या पोकळीत पाणी साचतं आणि जिथे माल आहे तिथलीच ओल वर चढते. म्हणून प्रत्येक फरशीवर पाच काळे डाग दिसतात, फाशावरचे पाच ठिपकेच जणू. फिकट दगड काही लपवत नाही. माल फरशीच्या पूर्ण तळाला लागला पाहिजे. त्याआधी फरशीच्या पाठीला सिमेंटचा पातळ चिकट लेप द्यायचा, नाहीतर ती मालाला धरतच नाही. त्याच्याखाली धुमसून बसवलेला मुरूम आणि खडी. काळी माती असेल तर ती उकरून बाहेर, कारण ती पावसात फुगते, मेमध्ये भेगाळते आणि तुझ्या दर्जा उसवते. ढाळ किती दिला? 'डोळ्यांना दिसत नाही इतका,' असं मोठ्या अभिमानाने सांगितलंस. दहा फुटांना दीड-दोन इंच हवा होता, आणि घराकडे नव्हे, घराबाहेर.

साताऱ्यात पाऊस कोसळतो तेवढ्यापुरता त्रास नसतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जी रिपरिप चालते तिने ओल हटत नाही, आणि जिथे ओल तिथे शेवाळ. ते काढायला तू तारेचा ब्रश घेतलास. तारेचे तुकडे दगडाच्या छिद्रांत अडकले, आता तेही गंजणार. नायलॉनचा कडक झाडू, कोमट पाणी, सौम्य साबण, एवढंच लागतं. फारच चिकट असेल तर अगदी पातळ केलेलं ब्लीच, थोडा वेळ, आणि लगेच भरपूर पाणी. पण अ‍ॅसिडच्या जवळपासही नको. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू निघतो, आणि तुझा हात बाटल्यांवर किती सैल आहे ते मी आत्ताच पाहिलं. गाड्या धुवायचा प्रेशरचा फवारा तर अजिबात नको. तो दर्जांतला माल उडवतो आणि दगडाचा चेहरा खरवडतो. कुंड्यांखाली ताटल्या ठेव. लोखंडी खुर्च्यांना रबराचे बूट घाल.

आता तुझ्या धाकट्याचं. त्याने तुझं बघून सांगलीत तोच दगड टाकला. दादाने केलं म्हणजे बरोबरच असणार! त्याच्या फरशीवर पांढरी भुकटी येते, पुसली की पुन्हा येते, आणि आता कडेचे पापुद्रे सुटतायत. म्हणतो, दगड नासका निघाला. दगड नासका नाही रे, जमीन बघ. मिरज, वाळवा, पलूस या पट्ट्यात उसाला पाणी देऊन देऊन कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. शेतकऱ्याच्या पोराला हे मी सांगायचं? जमिनीतलं खारं पाणी दगडात चढतं, पाणी उडून जातं, क्षार छिद्रांत स्फटिक होऊन फुगतात आणि कण ढकलून बाहेर काढतात. त्यात हा रोज बोअरच्या मचूळ पाण्याने अंगण धुतो. म्हणजे खालून क्षार आणि वरूनही क्षार. आणि उपाय काय केला? चकचकीत लॅकर मारलं. आत ओल कोंडली, क्षारांना बाहेर पडायला वाट उरली नाही, मग ते पापुद्राच घेऊन निघाले. त्याने काम सुरू करण्यापूर्वी जाड प्लास्टिक अंथरायला हवं होतं आणि खाली खडीचा थर देऊन पाण्याला वाट करायला हवी होती. ते राहिलं ते राहिलं. निदान आता ते लॅकर काढू दे, भुकटी कोरड्या ब्रशने झाडू दे आणि धुण्याचं पाणी बदलू दे.

दगडात मुरणारा, वर थर न धरणारा सीलर मिळतो. तो मारायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, फरशी पुरती वाळल्यावर. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पाहुणे येणार म्हणून नव्हे. आणि सीलर मारला म्हणजे झाडू ठेवून द्यायला मोकळे, असंही नाही.

पुराचं वेगळं सांगायची गरज पडू नये, पण पडते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने सत्तावन्न फूट ओलांडले. तिथे धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. पूर ओसरला की गाळ ओला असतानाच फावड्याने ओढून धुवायचा. 'वाळला की झाडून काढू' म्हणणाऱ्यांच्या दगडात तो कायमचा बसतो.

आणि हळद. सांगलीत राहून हळदीची भीती घालायची वेळ यावी! हळदीकुंकवाला सांडली, वहिनींनी कपडे धुवायचा सोडा लावून घासली, डाग लालभडक झाला आणि घरात रडारड. अहो वहिनी, तुम्हालाही सांगतो, हळदीत चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मिसळला की ती लाल होते. कुंकू पूर्वी असंच करायचे. सोडा, डिटर्जंट सगळे त्याच जातीचे. साध्या पाण्याने टिपून घ्यायची आणि जागा उन्हाला सोडायची. हळदीचा रंग ऊन खातं. तुळशीपुढच्या दिव्याखाली ताटली ठेवा. तेल सांडलंच तर चोळू नका, खडूची भुकटी जाड पसरून रात्रभर राहू द्या, सकाळी झाडा, पुन्हा पसरा.

तुझ्या पायऱ्या उकराव्या लागतील, हे तू अजून कबूल करत नाहीस. उकर. पण त्याआधी एक गोष्ट, जिच्यामुळे मी खरा चिडलोय. परवा तुझ्याकडे आलो तेव्हा तो पोरगा ग्राइंडरने फरशी सुकीच कापत होता, तोंडाला रुमालसुद्धा नाही, आणि अंगणभर पांढरा धूर. तू खिडकी लावून घेतलीस, कारण सोफ्यावर धूळ बसत होती. ती धूळ सिलिकाची असते. फुप्फुसात बसली की निघत नाही. त्या आजाराचं नाव सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. ज्या राजस्थानातून तुझा दगड आला तिथे खाणीतली माणसं त्याने खंगून मरतात; २०१९ साली तिथल्या सरकारला या रोगासाठी स्वतंत्र धोरण आणावं लागलं. पायऱ्या बदलायला तो पोरगा पुन्हा येईल तेव्हा पात्यावर पाण्याची धार सोडूनच कापायला लाव आणि नाकाला घट्ट बसणारा चांगला मास्क तू आणून दे. पाइप धरायला माणूस मिळाला नाही, तर स्वतः धर.