मिर्यामचा डफ आणि सिद्दी स्त्रियांची पुगडी

मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात भातलावणी आटोपते, नागपंचमी येते, मागोमाग गौरी येतात आणि घरोघरच्या लेकी-सुना फुगडी घालतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड या परिसरातील सिद्दी स्त्रियांच्या एका नाचाचे नावही ‘पुगडी’ असेच आहे. नाव ऐकताच नाते उमगावे, इतके ते जवळचे आहे. या स्त्रिया आफ्रिकी वंशाच्या आहेत. त्यांचे अनेक पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. त्यांपैकी कित्येक जण धन्याचे घर सोडून घाट चढले आणि अरण्याच्या आश्रयाला राहिले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि आपल्यासारखे कॅथलिकही आहेत. ‘दमाम’ या ढोलावर सारे एकत्र नाचतात, पूर्वजांचे स्मरणही एकत्र करतात. कर्नाटकातील या समाजास २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

अलीकडे हे नाच रंगमंचावर येऊ लागले आहेत, आणि आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवण्यात वाईट काय? काहीच नाही. परंतु एक प्रश्न मनातून जात नाही. ज्यांचा नाच आपणांस आवडतो, त्यांचा शेजार, त्यांची सोयरीक आपणांस आवडेल काय? मलिक अंबरचे नाव शाळेत पाठ केलेला मराठी माणूस मुलासाठी स्थळ पाहताना ‘गोरी’ हा शब्द विसरत नाही. आपली ख्रिस्ती घरेही त्यास अपवाद नाहीत. प्रेक्षक दूर बसतो. त्याच्यावर कोणाचा भार येत नाही. फुगडीत मात्र एकीचा तोल दुसरीच्या हाती असतो, एकीने हात सोडला की दोघीही पडतात. कौतुक आणि सहभाग यांतला फरक मला तरी येथे दिसतो.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाची एक विलक्षण कथा आहे. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामने डफ हाती घेतला आणि साऱ्या स्त्रिया तिच्यामागे नाचत निघाल्या. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचा तो उत्सव होता. हे निर्गमाच्या पुस्तकात आपण वाचतो आणि तेथेच थांबतो. गणनाच्या बाराव्या अध्यायात तीच मिर्याम मोशेच्या कूशी पत्नीवरून कुरकुर करते. कूश म्हणजे मिसरच्या दक्षिणेकडील काळ्या लोकांचा देश. (ही पत्नी म्हणजे मिद्यानी सिप्पोराच, असे काही भाष्यकार मानतात, तरी शास्त्रातला शब्द ‘कूशी’ असाच आहे.) कुरकुरीत अहरोनही सामील होता, आणि रोख मोशेच्या अधिकारावरही होता. पण आरंभ त्या परक्या स्त्रीपासून झाला. मुक्तीचा नाच नाचलेली बाई भावजयीला आपली म्हणू शकली नाही!

मिर्यामला कोड फुटले, तिची कातडी बर्फासारखी पांढरी झाली. या शिक्षेत केवढा उपरोध आहे, ते रंगाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी पाहावे. सात दिवस तिला छावणीबाहेर राहावे लागले.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हा इतिहास सुटलेला नाही. तिसरे पोप पॉल यांनी १५३७ साली नव्या जगातील मूळ रहिवाशांना दास करण्याचा निषेध केला, सोळावे पोप ग्रेगरी यांनी १८३९ साली आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराचा. तरीही मधल्या तीनशे वर्षांत ख्रिस्ती व्यापाऱ्यांची जहाजे माणसे भरून येतच राहिली. सुदानमध्ये लहानपणी विकली गेलेली जोसेफिन बखिता २००० साली संत म्हणून घोषित झाली. तिचा सण ८ फेब्रुवारीस येतो. त्या दिवशी हल्याळच्या बहिणींची आठवण किती धर्मग्रामांत होते?

मिर्याम बाहेर होती ते सात दिवस लोकांनी कूच केले नाही. ती परत येईपर्यंत सारी छावणी थांबून राहिली. जिच्यावरून हे घडले त्या कूशी स्त्रीचे नाव शास्त्रात नाही. मिर्याम परतली तेव्हा ती तंबूच्या दाराशी आली की आतच बसून राहिली, हेही कोणी लिहून ठेवलेले नाही.