साधन किती आणि कर्तृत्व किती?

पॉल प्रॉइस या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९११ साली एक लेख लिहिला आणि आल्प्समध्ये वाद पेटला. त्याची भूमिका कडक होती. कातळात ठोकलेली मेख हा संकटातला अखेरचा आधार. तिच्या भरवशावर चढाई आखू नये. दोर सोबत असावा, पण त्याच्यावाचून अडू नये. जो टप्पा दोराविना सुखरूप उतरता येत नाही, तो चढूच नये. टिटा पियाझसारख्या मातब्बरांनी त्याला विरोध केला. निमित्त मेखांचे असले तरी मुळाशी नीतीचा प्रश्न होता: साधनाच्या बळावर गाठलेली उंची चढणाऱ्याची म्हणायची का?

प्रस्तरारोहणाचे पहिले सामान घ्यायला निघालेल्या नवशिक्यापुढेही हाच प्रश्न असतो. मात्र त्याचे उत्तर प्रत्येक वस्तूपाशी बदलते.

हेल्मेट घ्या. ते कोणाला एक पाऊलही वर नेत नाही. वरून सुटलेला दगड खालच्याची तयारी पाहत नाही, आणि सह्याद्रीत पुढच्याच्या पायाखालून असे दगड नेहमी सुटतात. जे चढणाऱ्याच्या हातात नाही त्यापासून वाचवणारी वस्तू वापरली म्हणून त्याचे कर्तृत्व उणे होत नाही. म्हणून पहिला खर्च हेल्मेटवर व्हावा, आणि ते सायकलचे नव्हे तर गिर्यारोहणासाठी प्रमाणित असावे.

बुटांचे तसे नाही. ते चढायला थेट मदत करतात. १९३५ साली आल्प्समधल्या पुंता रासिका शिखरावर विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती दगावले, आणि अपुरे पादत्राण हे त्याचे एक कारण मानले गेले. त्यातून ब्रामानींनी १९३७ साली खाचांचा रबरी तळ आणला. पण तळ कितीही चिकट असो, पाऊल कोठे टेकायचे हे चढणाऱ्यालाच ठरवावे लागते. सोप्या कातळटप्प्यांसाठी पायात घट्ट बसणारे, पुढून थोडे कडक असलेले बूट पुरतात. बोटे आवळणारे खास क्लाइंबिंग शूज नंतर घेता येतात.

दोरापाशी मात्र प्रॉइसचा युक्तिवाद अपुरा पडतो, कारण दोराला दोन टोके असतात. १८६५ साली आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावरून उतरताना सात जणांपैकी एक नवखा घसरला. दोर मध्येच तुटला आणि चौघे गेले. तुटलेला दोर सर्वांत जुना आणि कमजोर होता. त्याहून मजबूत दोर त्यांच्याजवळ होते. दोराची निवड ही एकट्याची खासगी बाब उरत नाही, हे या घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते.

म्हणूनच दोराची पारख ही श्रद्धेवर सोडायची गोष्ट नाही. पडणाऱ्याला झेलायला ताणला जाणारा डायनॅमिक दोर हवा. स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही, त्यामुळे पडण्याचा सगळा धक्का शरीरावर आणि आधारांवर येतो. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी, बंद असताना लांबीच्या दिशेने सुमारे दोन टन भार पेलतो. फाटक उघडे राहिले तर ती ताकद जवळपास एक तृतीयांशावर येते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या कमरेचा महागडा हार्नेसही त्याला खोटा धीर देतो.

प्रॉइस १९१३ साली, सत्ताविसाव्या वर्षी, एकट्याने चढताना कोसळून गेला. तेवढ्याने त्याचा विचार खोटा ठरत नाही. उतरता येईल तेवढेच चढावे, ही त्याची कसोटी मार्ग निवडताना नवशिक्याने जरूर लावावी. सामान निवडताना मात्र दुसरी कसोटी हवी: ही वस्तू चूक पोटात घालते, की चुकीची जाणीवच बुजवते? पहिल्या प्रकारची वस्तू घेण्यात कमीपणा नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की हेल्मेट आणि बूट आधी स्वतःचे घ्यावेत. हार्नेस आणि बिलेचे, म्हणजे सोबत्याचा दोर रोखून धरण्याचे, साधन प्रशिक्षणात वापरून पाहून मग घ्यावे. दोर तोवर जाणत्या गटाचा वापरावा. जुना दोर किंवा हार्नेस स्वस्तात मिळत असेल आणि तो कोठे, कसा, किती वापरला हे कळत नसेल, तर तो नाकारावा. त्या बचतीची किंमत दोराच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही मोजावी लागू शकते, आणि त्याची संमती कोणी घेतलेली नसते.