आधी काम, मग धीर

‘जरा धीर आला की करू’ असं म्हणून आपण किती कामं पुढे ढकलतो! सभेत बोलायचं असतं, साहेबांपुढे अडचण मांडायची असते, घरात एखादा अवघड विषय काढायचा असतो. आधी भीती जाईल, मग आपण कामाला लागू, असा आपला हिशेब. अनुभव मात्र बहुतेक वेळा उलटा येतो.

बॅरिस्टर होऊन गांधीजी १८९१ साली विलायतेहून परतले आणि पुढे मुंबईत वकिली करू लागले. चारचौघांत बोलायची त्यांना विलक्षण भीती वाटे. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या एका बैठकीला ते आपलं म्हणणं लिहून घेऊन गेले होते, पण तेही त्यांना वाचवेना. शेवटी दुसऱ्या कुणीतरी ते वाचून दाखवलं. मुंबईत स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिला खटला मिळाला, तो ममीबाईंचा. फी ३० रुपये. समोरच्या पक्षाच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. गांधीजी उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं, सगळं कोर्टच फिरतंय असं वाटलं. एक प्रश्न सुचेल तर शपथ! ते खाली बसले आणि ‘हे माझ्याच्याने होणार नाही, पटेल वकिलांना गाठा, फी परत घ्या’ असं सांगून मोकळे झाले. पटेलांनी ५१ रुपये घेतले. त्यांच्या दृष्टीने खटला म्हणजे डाव्या हातचा मळ होता. निकाल काय लागला हे कळायच्या आत गांधीजी कोर्टाबाहेर पडले होते. अंगात पुरेसं धैर्य येईपर्यंत खटला घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

म्हणजे त्यांनीही आपल्यासारखाच हिशेब मांडला. पण वाट पाहून धैर्य आलं नाही. राजकोटला परतून ते अर्ज आणि कागदपत्रं लिहून देण्याचं काम करत राहिले. दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत कोर्टात उभं राहणं काही झालं नाही.

पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १८९३ साली पहिल्या वर्गाचं तिकीट हातात असताना मॅरित्झबर्गला त्यांना गाडीतून खाली उतरवलं गेलं. या प्रसंगातला एक बारकावा मात्र सहसा कुणी सांगत नाही. थंडी कडाक्याची होती आणि त्यांचा ओव्हरकोट सामानात होता. सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात. मागायला गेलो आणि पुन्हा अपमान झाला तर, या धास्तीने त्यांनी कोट मागितलाच नाही. अंधाऱ्या वेटिंग रूममध्ये ते कुडकुडत बसून राहिले. परत फिरायचं नाही, हा त्यांचा निश्चय त्याच रात्रीचा. भीती गेली म्हणून हा निश्चय झाला नाही, तिच्यासकटच झाला.

प्रिटोरियाला पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलावली. सभेला मुख्यतः मेमन व्यापारी होते. गांधीजींनी आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण केलं ते इथे. विषय होता व्यापारातला खरेपणा. व्यापाऱ्यांसमोर हे बोलणं काही सोपं नव्हे. तिथेच त्यांनी आपल्या लोकांच्या अस्वच्छतेवर बोट ठेवलं, गाऱ्हाणी मांडायला एक संस्था हवी असं सुचवलं आणि कुणाला इंग्रजी शिकायचं असेल तर शिकवायची तयारी दाखवली. तिघं जण पुढे आले: एक न्हावी, एक कारकून, एक छोटा दुकानदार.

मुंबईत वाचा बसलेला माणूस इथे बोलू कसा लागला? मला वाटतं, मुंबईत नजर स्वतःवर होती: मी कसा दिसतोय, लोक काय म्हणतील. प्रिटोरियात ती समोरच्यांच्या अडचणींवर गेली. शिवाय विषयाची तयारी होती. काम मोठं झालं की भीतीला बसायला जागा कमी उरते.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत अभय पहिलं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. याच विनोबांनी निर्भयतेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सापांची माहिती असलेल्याला सापाची भीती उरत नाही, ही जाणत्याची निर्भयता. दुसरी ईश्वरावरच्या निष्ठेतून येणारी. आणि तिसरी विवेकाची, जी नसती साहसं करू देत नाही. भीतीला तोंड देणं म्हणजे डोळे मिटून उडी मारणं नव्हे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राला भिणाऱ्याने भ्यावंच. जी भीती आपला जीव वाचवत नाही, नुसती आपली वाढ अडवते, तिच्याशीच आपलं भांडण आहे.

बुजरेपणा गांधीजींना पुरता सोडून गेला नाही. त्याचा फायदाच झाला, असं त्यांनी आत्मकथेत नमूद केलं आहे: त्यामुळे शब्द जपून वापरायची सवय लागली. भीतीशी सामना केला म्हणून ती नाहीशी होतेच असं नाही, पण तिला कामाला लावता येतं.

म्हणून आज ज्या कामाच्या नुसत्या आठवणीने पोटात गोळा येतो, त्याबद्दल तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: हे काम कुणासाठी करायचंय, त्यातलं नेमकं काय आपल्याला येत नाही आणि त्यातला सगळ्यात छोटा तुकडा कोणता. तेवढा तुकडा आजच उरकून टाकावा. आवाज कापला तर कापू द्यावा. उद्या पुढचा तुकडा हातात घेताना धीर आलाय का, हे बघत बसायची गरज पडणार नाही.