साथ, सक्ती आणि संमती

साथीच्या काळात सरकारने माणसाच्या शरीरावर किती हक्क सांगावा, हा वाद आपल्याकडे विज्ञान विरुद्ध अडाणीपणा असा रंगवला जातो. लस टोचून घेणारा शहाणा, नको म्हणणारा मागासलेला, एवढ्यावर चर्चा संपते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. शास्त्राची खात्री जिथे कमी होती तिथे बळजबरी जास्त झाली, असे अनेकदा दिसते. आणि लोकांच्या नकारात कित्येकदा अशी माहिती होती, जी शास्त्रालाच हवी होती.

एडवर्ड जेन्नरने 1796 मध्ये देवीच्या लशीचा प्रयोग केला आणि 1853 मध्ये इंग्लंडने तान्ह्या मुलांना ती टोचणे कायद्याने बंधनकारक केले. पुढे दंडाचा जाच वाढला. लेस्टर शहरात 1885 मध्ये या सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. मोर्चेकऱ्यांचे मूळ म्हणणे चुकीचे होते. लस देवीपासून खरोखरच वाचवत होती. पण एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याला टोचण्याच्या तेव्हाच्या पद्धतीतून उपदंशासारखे रोग पसरू शकतात, ही तक्रार खरी होती. 1898 च्या कायद्याने ती पद्धत बंद केली आणि सदसद्विवेकाला पटत नसेल तर नकार देण्याची मुभाही दिली.

आपल्याकडचा दाखला प्लेगचा. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या हाताखालच्या गोऱ्या शिपायांनी देवघरा-माजघरात शिरून झडत्या घेतल्या, संशयितांना छावण्यांत नेले, सामानसुमान जाळले. 22 जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, इथपर्यंतची हकीकत मराठी वाचकाला पाठ आहे. पण हे सारे ज्या शास्त्राच्या नावाने चालले होते, ते शास्त्र तेव्हा अर्धवट होते, याकडे फारसे लक्ष जात नाही. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला होता. तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे अजून सिद्ध व्हायचे होते. म्हणून घाण, हवा, कपडे, माणसे अशा सगळ्यांवरच संशय होता. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने आजारी उंदीर ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यातला निरोगी उंदीर त्याच बरणीत, पण स्पर्श होणार नाही अशा अंतरावर टांगला. पिसवा तेवढ्या उडी मारू शकत होत्या. काही दिवसांत दुसरा उंदीरही प्लेगने मेला. तरीही सरकारी प्लेग आयोगाने ही उपपत्ती बाजूला सारली आणि ती मान्य व्हायला 1905 नंतरचे मुंबईतले प्रयोग व्हावे लागले. इकडे खेड्यापाड्यांत मात्र उंदीर पडू लागले की लोक घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. कारण त्यांना माहीत नव्हते, पण उपाय अचूक होता. झडतीला आलेला शिपाई हे विचारणार नव्हता, आणि धास्तावलेले घर आपणहून सांगणार नव्हते. माझ्या मते सक्तीचे सगळ्यात मोठे नुकसान हेच: तिने खालून वर येणारी माहिती बंद होते.

दुसरे नुकसान तर्काचे आहे. अमेरिकेत हेनिंग जेकबसन या पाद्र्याने देवीची लस घ्यायला नकार दिला. त्याला झालेला 5 डॉलरचा दंड सर्वोच्च न्यायालयाने 1905 मध्ये कायम केला. निकाल संयत होता, मनमानी चालणार नाही असेही त्यात होते. पण 1927 मध्ये कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता देताना त्याच न्यायालयाने याच निकालाचा आधार घेतला. साथ नव्हती, संसर्ग नव्हता. ‘समाजाचे हित’ हे दोन शब्द पुरले. आपल्याकडे आणीबाणीत 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने मंजूर केले, हे आपण विसरता कामा नये. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. देशभरात मात्र 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि पुढच्या वर्षी हा आकडा 10 लाखांच्या खाली कोसळला.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. देवीच्या उच्चाटनाच्या अखेरच्या टप्प्यात, 1973 ते 1975 मध्ये, भारतात काही ठिकाणी दारे मोडून लस टोचली गेली. मोहिमेतल्या लोकांनीच ते लिहून ठेवले आहे. मग देवी गेली ती सक्तीनेच ना? बळजबरीचा वाटा नाकारता येणार नाही. पण मोहिमेचे मुख्य हत्यार शोध हे होते. देवीच्या रोग्याचे चित्र असलेले कार्ड घेऊन कार्यकर्ते दारोदार जात, खबर देणाऱ्याला बक्षीस मिळे, आणि सापडलेल्या रोग्याभोवतीच्या घरांना लस दिली जाई. खबर लोकांनीच द्यायची होती. पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात ‘हे थेंब वांझ करतात’ अशी अफवा पसरली, तेव्हा इमाम आणि गावातल्याच बायका घरोघर बोलायला गेल्या. 2011 नंतर देशात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा रोगी सापडलेला नाही. संसर्ग पसरवू शकणाऱ्या रोग्याला काही दिवस वेगळे ठेवणे मलाही न्याय्य वाटते. पण तो अधिकार धोक्याच्या प्रमाणात हवा, आणि वापरणाऱ्याला जाब विचारता यायला हवा.

2 मे 2022 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. मात्र सार्वजनिक हितासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतील. लशीनंतरच्या त्रासाची नोंद सामान्य माणसाला करता यावी आणि ती सर्वांना पाहता यावी, असेही बजावले. माझ्या लेखी निकालातला हा भाग अधिक मोलाचा आहे. पण 1897 चा कायदा जागेवरच आहे. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, हे त्याचे चौथे कलम कायम आहे. 2020 च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्यांची शिक्षा वाढली, ती योग्यच. त्याच दुरुस्तीत, ज्याच्या घरात शिरायचे, ज्याला अलग ठेवायचे, त्याला लेखी कारण देण्याचे आणि नुकसान झाल्यास भरपाई देण्याचे कलम घालता आले असते. ते आजही घालता येईल, आणि त्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहण्याची गरज नाही.