इच्छा नसताही पाप का घडते?

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मयोगाचे निरूपण चालू असता अर्जुन मध्येच एक प्रश्न विचारतो. मनुष्याला पाप करावयाचे नसते. तरीही कोणी बळजबरीने जुंपावे तसा तो पापाकडे ओढला जातो. त्याला असा ढकलणारा कोण? छत्तिसाव्या श्लोकातील हा प्रश्न एकट्या अर्जुनाचा नाही. घरोघरी तो रोज उत्पन्न होतो. सकाळी स्नान करून, देवापुढे निरांजन लावून गृहस्थ मनाशी ठरवितो की, आज कोणालाही कटू शब्द बोलावयाचा नाही. दिवेलागण होते न होते तोच त्याच मुखातून पत्नीला, मुलाला किंवा वृद्ध आईला असे काही बोलले जाते की, रात्री त्याला स्वतःलाच झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच निश्चय आणि पुन्हा तोच शेवट. असे वर्षानुवर्षे चालले म्हणजे एके दिवशी तो म्हणू लागतो, ‘माझा स्वभावच तसा आहे.’ हे वाक्य वरवर नम्रतेचे वाटते. परंतु साधकाला याहून घातक वाक्य दुसरे नाही. पाप घडल्यानंतर निदान पश्चात्ताप तरी उरतो. या वाक्यानंतर तोही उरत नाही.

याच अर्थाचे वाक्य महाभारतात एकाने भर सभेत उच्चारले आहे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण शिष्टाईसाठी कौरवसभेत आले असता कण्व ऋषींनी मातलीचे आख्यान सांगून दुर्योधनाला पांडवांशी संधी करण्याचा उपदेश केला. तेव्हा दुर्योधनाने आपल्या मांडीवर थाप मारली आणि ईश्वराने आपल्याला जसे घडविले तसे आपण वागतो, या बडबडीने काय होणार, अशा अर्थाचे उत्तर दिले. अंतःकरणातील ओढ दुर्योधनाला जाणवत होती, तशीच ती अर्जुनालाही जाणवत होती. अनुभव एकच; पण दुर्योधनाने त्याची ढाल केली आणि अर्जुनाने तो श्रीगुरूंच्या चरणांपाशी ठेवला. एकाचा कुलक्षय झाला, दुसऱ्याला गीता मिळाली.

येथे एक शंका संभवते. त्याच अध्यायाच्या तेहेतिसाव्या श्लोकात श्रीभगवान स्वतःच सांगतात की, ज्ञानी पुरुषदेखील आपल्या प्रकृतीला अनुसरूनच वागतो. सर्व प्राणी प्रकृतीकडेच जातात, तेथे निग्रह काय करील? मग दुर्योधन वेगळे ते काय बोलला? प्रकृतीच जर सर्व करविते, तर विधिनिषेध सांगणारे शास्त्र व्यर्थ होय, असे होणार नाही का?

या शंकेचे समाधान लगेच पुढच्या श्लोकात आहे. प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष ठरलेले आहेत. त्यांच्या अधीन होऊ नये, कारण ते मनुष्याचे वाटमारे आहेत, असे श्रीभगवान सांगतात. श्रीशंकराचार्यांनी या दोन श्लोकांचे भाष्य करताना फार मोलाची गोष्ट उलगडून दाखविली आहे. प्रकृती म्हणजे पूर्वी केलेल्या धर्माधर्मादी कर्मांचा संस्कार, जो या जन्माच्या आरंभी प्रकट होतो. ही प्रकृती मनुष्याला ढकलते खरी. पण ती राग आणि द्वेष यांना पुढे करूनच ढकलते. ज्याने रागद्वेषांना त्यांच्या विरोधी भावनेने आवरले, तो प्रकृतीच्या वश राहत नाही. त्याला शास्त्राची दृष्टी लाभते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. स्वभाव हा केलेल्या कर्मांतून घडला आहे. म्हणून जे करून घडले, ते पुन्हा करून पालटता येते. दुसरे असे की, स्वभावाच्या एकंदर राशीशी झुंज घेण्याचे कारण नाही. झुंज घ्यावयाची ती दारात उभ्या असलेल्या एका आवडीशी किंवा एका नावडीशी. समग्र स्वभाव एका दिवसात जिंकणे कोणालाही शक्य नाही. पण समोर आलेल्या एका क्षणी सावध राहणे प्रत्येकाला शक्य आहे.

आता अर्जुनाच्या प्रश्नाचे उत्तर पाहावे. रजोगुणापासून उत्पन्न झालेला काम आणि तोच क्रोध हा ढकलणारा शत्रू आहे, असे श्रीभगवान सदतिसाव्या श्लोकात सांगतात. काम आणि क्रोध ही दोन नावे असली तरी वस्तू एकच आहे. इच्छेच्या वाटेत अडथळा आला म्हणजे तीच इच्छा क्रोधाचे रूप घेते. धुराने अग्नी, धुळीने आरसा आणि वेष्टनाने गर्भ झाकला जावा, तसे या कामाने ज्ञान झाकले जाते. ज्ञान नष्ट होत नाही, झाकले जाते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. धूर वाऱ्याच्या एका झुळकेने जातो, आरसा हाताने घासावा लागतो, आणि गर्भाचे वेष्टन काळ पूर्ण झाल्यावाचून दूर होत नाही. म्हणून एखादा दोष चार दिवसांत सुटला आणि दुसरा चार वर्षांतही सुटला नाही, तर साधकाने खचून जाऊ नये.

हा शत्रू घरात कसा शिरतो, ते दुसऱ्या अध्यायाच्या बासष्टाव्या व त्रेसष्टाव्या श्लोकांत पायरीपायरीने सांगितले आहे. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. समजा, एका गृहस्थाचा मुलगा परीक्षेत अनुत्तीर्ण झाला. वडिलांचा हात त्याच्यावर उठला. पाहणाऱ्याला वाटते, क्रोधाचे कारण परीक्षा. पण मुळाशी जाऊन पाहावे. कित्येक महिने हे वडील आप्तेष्टांत आणि कचेरीत मुलाच्या भावी मोठेपणाच्या गोष्टी बोलत होते. म्हणजे लौकिकाचे चिंतन चालले होते. त्यातून लौकिकाची आसक्ती जडली. मुलगा अमुकच झाला पाहिजे, ही इच्छा बळावली. निकालाने ती अडली आणि क्रोध उत्पन्न झाला. मग संमोह असा की, समोर भ्यालेले मूल उभे आहे, तेही दिसेना. स्मृतिभ्रंश असा की, आपणही एकदा असेच वडिलांपुढे मान खाली घालून उभे होतो, याचा विसर पडला. शेवटी बुद्धी गेली आणि हात उठला.

उठलेला हात आवरण्याचा निश्चय या गृहस्थाने शंभर वेळा केला तरी तो टिकत नाही. कारण तो सातव्या पायरीवर उभा राहून पडणे थांबवू पाहतो, आणि घसरणे मात्र पहिल्या पायरीवर सुरू झालेले असते. दोष नेहमी जेथे दिसतो तेथेच जन्मत नाही. म्हणून आपले चित्त रिकाम्या वेळी कशाचे चिंतन करते, ते प्रत्येकाने आधी पाहावे.

उपाय श्रीभगवंतांनी क्रमाने सांगितला आहे. इंद्रिये, मन आणि बुद्धी ही कामाची ठाणी आहेत. त्यांपैकी इंद्रिये प्रथम आवरावीत, अशी एकेचाळिसाव्या श्लोकातील आज्ञा आहे. इंद्रिये बाहेरच्या वेशीवर आहेत, म्हणून आरंभ तेथून. ज्याला रात्री मोबाइलवर भलतेसलते पाहण्याची खोड जडली आहे, त्याने तो उशाशी ठेवून निजू नये. ज्याची जीभ तिखट आहे, त्याने क्रोध जाणवताच प्रथम जागा सोडावी, पाणी प्यावे, मग बोलावे. हे उपाय लहान दिसतात. पण वेशीवर एक पहारेकरी पुरतो, आणि शत्रू माजघरात शिरल्यावर सैन्यही अपुरे पडते.

दुसरा उपाय मनाचा. भगवान पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात प्रतिपक्षभावना सांगितली आहे. हिंसादी विचार बाधू लागले म्हणजे त्यांच्या उलट बाजूचे चिंतन करावे. मुलाच्या अपयशाचा राग येताच त्याच्या भीतीचा विचार करावा. शेजाऱ्याच्या वैभवाने जळफळाट होताच त्याने कधी केलेला उपकार आठवावा.

तिसरा उपाय दोष लपवून न ठेवण्याचा. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत सांगितलेला प्रसंग येथे मनन करण्यासारखा आहे. वयाच्या पंधराव्या वर्षी, भावाला झालेले सुमारे 25 रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी, त्यांनी भावाच्याच सोन्याच्या कड्यातील तुकडा चोरला. मनाला चैन पडेना. त्यांनी चिठ्ठी लिहून चोरी कबूल केली, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली आणि ती चिठ्ठी रुग्णशय्येवर असलेल्या वडिलांच्या हाती दिली. वडील रागावतील, कपाळ बडवून घेतील, अशी मुलाची अपेक्षा होती. वडिलांनी चिठ्ठी वाचली. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. क्षणभर डोळे मिटून त्यांनी ती फाडून टाकली. त्या एका प्रसंगात दोन अंतःकरणे पालटली. पुत्राने लोभ उघड्यावर आणून जिंकला आणि पित्याने क्रोधाचा वेग सहन करून पुत्राला कायमचे जिंकले. देहपतनापूर्वीच कामक्रोधांचा वेग जो सहन करू शकतो तोच योगी व तोच सुखी, हा पाचव्या अध्यायातील सिद्धांत वनातच नव्हे, घरातही असा सिद्ध होतो.

परंतु एवढ्याने कार्य पूर्ण होत नाही. विषय दूर ठेवले तरी त्यांची गोडी आत शिल्लक राहते आणि परमतत्त्वाच्या दर्शनानेच ती सुटते, असे दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. कनिष्ठ रस सुटण्यासाठी श्रेष्ठ रसाची चव लागली पाहिजे. म्हणून नामस्मरण, सत्संग आणि गीतापाठ ही निग्रहाची पुरवणी नसून त्याचा प्राण आहे. मन जेथे जेथे जाईल तेथून ते परत आणावे, ही सहाव्या अध्यायातील आज्ञा देताना श्रीभगवंतांनी किती वेळा, याची मर्यादा घातलेली नाही.

अठराव्या अध्यायात तर मोठा आश्चर्याचा योग आहे. साठाव्या श्लोकात श्रीभगवान अर्जुनाला सांगतात की, मोहाने जे तू करू इच्छीत नाहीस, तेही स्वभावाने बांधलेला तू परवश होऊन करशील. आणि त्रेसष्टाव्या श्लोकात तेच भगवान म्हणतात की, या सर्वाचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. या दोहोंच्या मध्ये एकसष्टावा आणि बासष्टावा हे दोनच श्लोक आहेत: ईश्वर सर्वांच्या हृदयात आहे, आणि सर्वभावाने त्यालाच शरण जावे. स्वभावाच्या बंधनातून स्वातंत्र्याकडे जाणारी वाट त्या दोन श्लोकांतून आहे. आज सायंकाळी ज्याचा शब्द पुन्हा चुकेल, त्याने ‘माझा स्वभावच तसा’ असे न म्हणता हृदयस्थ प्रभूला अर्जुनाप्रमाणे विचारावे, ‘हे मला कोण करावयास लावते?’ आणि ज्याचे मन दुखावले त्याची निजण्यापूर्वी क्षमा मागावी.

हरिः ॐ तत्सत्