मंजूर झालेले ऋण

मेंदूतील घातक अर्बुदावर किरणोपचार शोधताना बहुधा प्रथम उंदराचा बळी जातो. निरोगी उंदराच्या मेंदूत कर्करोगाच्या पेशी सोडतात. मग त्यास बोरॉन देऊन न्यूट्रॉनांचा मारा करतात. बोरॉनचा अणू फुटतो, त्याचे तुकडे जेमतेम एका पेशीइतके अंतर जातात, त्यामुळे शेजारची पेशी वाचावी, ही लोचर यांची १९३६ मधील कल्पना. १९५१ पासून अमेरिकेत ब्रुकहेवन येथे ती रुग्णांवर योजिली, तेव्हा निराशाच पदरी आली. अपुऱ्या ज्ञानाची किंमत माणसांनी मोजली. म्हणून प्राण्यांवरील प्रयोग निरर्थक म्हणवत नाहीत.

तथापि हा रोग उंदराचा नव्हे. तो आपण त्यास दिलेला असतो. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा अशा प्रयोगांस मुभा देतो, व शक्य तेथे मोठ्याऐवजी लहान प्राणी घ्यावा असे सांगतो. परंतु वेदना आकारमानाने मोजता येते काय?

भिलाईच्या कचेरीत कागद हाताळताना एक गोष्ट नित्य दिसते : कर्ज मंजूर झाले म्हणून ते फिटत नाही. येथेही तसेच आहे. भूल देणे, कमीत कमी जीव घेणे, फसलेला प्रयोगही प्रसिद्ध करणे, म्हणजे तो पुन्हा करावा लागू नये, हे त्या ऋणाचे हप्ते होत. मुद्दल मात्र शिल्लकच राहते.