दहा वर्षांच्या मुलाचा दोष किती?

द्वेष शिकवूनच वाढवलेल्या मुलाला त्या द्वेषासाठी जबाबदार धरायचे का, हा प्रश्न तैका वाइटीटी यांच्या ‘जोजो रॅबिट’ (२०१९) या चित्रपटाच्या मुळाशी आहे. जोजो दहा वर्षांचा आहे. नाझी जर्मनीत मुलगे याच वयात ‘युंगफोल्क’ या नाझी बालसंघटनेत दाखल होत आणि १९३९मध्ये ते सक्तीचे झाले. त्याच्या आदल्या वर्षी नाझी प्रचारक यूलियुस श्ट्रायखरच्या प्रकाशनाने ‘विषारी अळंबी’ या अर्थाच्या नावाचे मुलांचे पुस्तक काढले होते. ज्यू कसा ओळखावा याचे धडे त्यात गोष्टींतून दिले होते. अशा वयात डोक्यात भरवलेल्या विषाचा दोष मुलाच्या माथी मारता येत नाही, हे उघड आहे. पण म्हणून ते मूल निर्दोष ठरते का? मला तसे वाटत नाही, आणि हा चित्रपटही तसे म्हणत नाही.

या संघटनेच्या शिबिरात मोठी मुले जोजोच्या हातात ससा देऊन त्याची मान पिरगळायला सांगतात. त्याच्याने ते होत नाही, तो सशाला सोडून देतो. नाझी होण्याची एवढी हौस असलेल्या मुलाचे हात इथे अडतात, म्हणजे शिकवणीने त्याची विवेकबुद्धी पुसलेली नाही; आणि ती शाबूत असेल तर जबाबदारीही आलीच. पुढे घरात भिंतीआड लपवलेली ज्यू मुलगी एल्सा त्याला सापडते. तेव्हा तिच्या नियोजित वराच्या नावाने तो संबंध तोडणारे खोटे पत्र रचतो आणि तिला वाचून दाखवतो. हा दुष्टपणा काही कुठल्या पुस्तकात शिकवलेला नव्हता. युद्ध संपल्यावर कोण जिंकले, असे ती विचारते, तेव्हा तो सांगतो, जर्मनी. ती निघून जाईल अशी त्याला धास्ती आहे. आता त्याचा तिच्यावर जीव जडला आहे, वंशद्वेष मावळला आहे, तरी तिची कोठडी तो बंदच ठेवू पाहतो. राजवट कोसळली, पण दुसऱ्याला आपल्या मुठीत ठेवण्याची ही हाव त्याची स्वतःची आहे. कल्पनेतला सवंगडी असलेल्या हिटलरला तो लाथ घालून खिडकीबाहेर उडवतो त्या दृश्याला टाळ्या पडतात. त्याची खरी परीक्षा मात्र एल्सासाठी घराचे दार उघडण्यात आहे.

अशा विषयावर हसावेच कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. छळछावण्यांची खरी भीषणता ठाऊक असती तर हिटलरची टिंगल करणारा ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) काढता आला नसता, असे खुद्द चार्ली चॅप्लिन यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. वाइटीटींना तर ती पुरती ठाऊक होती. पण त्यांचा हिटलर इतिहासातला नाही. बाप घरी नसलेल्या मुलाने आपल्या अकलेप्रमाणे घडवलेला तो सवंगडी आहे, म्हणून बालिश आहे. हसू येते ते त्या दैवताचे, बळींचे नव्हे. आणि चौकात फाशी दिलेल्या जोजोच्या आईचे नुसते बूट दिसतात, तो त्यांची सुटलेली नाडी बांधू पाहतो, ती बांधता येत नाही, तिथे हसू पार थांबते. याहून अवघड आक्षेप असा, की एल्साचे दुःख मुलाला शहाणे करण्याच्या कामी वापरले जाते. यात तथ्य आहे. गोष्ट जोजोच्या नजरेतून सांगितल्यामुळे तिच्या एकटेपणाला पुरेशी जागा मिळत नाही. तरी बाहेर पाऊल टाकल्यावर ती पहिल्यांदा त्याच्या थोबाडीत देते. पोर आहे म्हणून ती त्याचे खोटे पोटात घालत नाही. दोघांनी नाचायची वेळ येते ती त्यानंतर.